मोडींतून वांचलेली राजगाडी

तांब्यापितळेचें जुनें भांडें मोडींत घालण्याचा प्रसंग प्रत्येक घरीं केव्हां ना केव्हां येतोच. भांड्याचा उपयोग संपलेला असतो, धातूला मात्र मोल असतें; आणि म्हणूनच तें नाहींसें होतें. एकेकाळीं श्रीमंतीचें शिखर समजल्या गेलेल्या एका इटालियन मोटारीची कथा याहून फारशी निराळी नाहीं. ती आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

चेझारे इसोत्ता व फ्रास्किनी बंधू यांनीं १९०० सालीं मिलान शहरीं 'इसोत्ता फ्रास्किनी' ही संस्था स्थापिली. पहिलें महायुद्ध संपल्यावर, १९१९ सालीं, जुस्तिनो कात्तानेओ या तिच्या कल्पक अभियंत्यानें 'तीपो ८' ही गाडी निर्माण केली. हिच्या एंजिनाचे आठही सिलिंडर एका ओळींत बसविलेले होते. विक्रीसाठीं नियमितपणें तयार होणाऱ्या मोटारींत ही रचना जगांत प्रथम हिचीच! १९२४ सालच्या 'तीपो ८ ए'चें एंजिन तर सुमारें ७.४ लिटरांचें होतें.

कारखान्यांतून बाहेर पडे तो केवळ सांगाडा. त्यावर देह चढवावयाचा तो कास्तान्यासारख्या नामांकित कारागिरांनीं, धन्याच्या आवडीप्रमाणें. त्यामुळें एक गाडी हुबेहूब दुसरीसारखी क्वचितच असे. कित्येक गाड्या अमेरिकेंतील धनिकांनीं नेल्या. मूकपटांचा लोकप्रिय नट रुडॉल्फ व्हॅलेंटिनो हा त्यांपैकींच एक.

परंतु १९२९ सालीं अमेरिकेंतील शेअरबाजार कोसळला आणि गिऱ्हाईक आटलें. कारखान्याचें लक्ष विमानांच्या एंजिनांकडे वळलें. १९३३ सालीं बाल्बो यांच्या ज्या ताफ्यानें इटलीहून शिकागो गांठलें, त्याच्या सागरी विमानांत इसोत्ताचींच एंजिनें होतीं. दुसऱ्या महायुद्धानंतर नवी मोटार काढण्याचा यत्न झाला खरा, पण मोजक्याच गाड्या निघाल्या आणि तो उद्योग थांबला. '८ ए' मुळांतच हजाराच्या आंत निघालेली. त्यांत एवढ्या अवजड गाडीस पेट्रोल पुरवणें कोणास परवडणार? आज ती दुर्मिळ आहे यांत नवल नाहीं.

१९५० सालच्या 'सनसेट बुलेव्हार्ड' या बोलपटांत अशीच एक गाडी आहे. विस्मृतींत गेलेल्या एका नटीस चित्रसंस्थेकडून वारंवार निरोप येतात. आपलें बोलावणें आलें या आनंदांत ती नटूनथटून जाते; वास्तविक त्यांना हवी असते तिची जुनी गाडी! गाडीचें जुनेपण हेंच तिचें मोल ठरलें. त्या बिचारीचें मात्र ठरलें नाहीं. ती गाडी आज तुरीन येथील मोटार-संग्रहालयांत जपून ठेविलेली आहे.

जुन्या वस्तु जपाव्या, हें आम्हांस मान्यच आहे. परंतु त्या ज्यांनीं वापरल्या, तीं वडील माणसें घरांत आहेत तोंवर त्यांची विचारपूस आधीं व्हावी, एवढेंच आमचें सांगणें.