छायाचित्रातली गल्ली

गावाचा इतिहास लिहिणारे सनदा, गॅझेटियर आणि नगरपालिकेचे ठराव तपासतात. आपल्या वस्त्यांचा इतिहास त्या कागदांत फारसा सापडत नाही. तो घरातल्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या छायाचित्रांत पडून आहे.

कॅमेरा येथे आला तोही जातीची नजर घेऊन. विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतील जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतील चित्रांत माणसे एकीकडे टिपलेली आणि मागचे दृश्य दुसरीकडचे, असा जोडकाम केलेला प्रकार आढळतो. माणूस त्याच्या गल्लीतून काढून जातीचा नमुना म्हणून मांडला गेला. घरगुती छायाचित्र नेमके उलट करते. माणूस मुद्दाम उभा राहतो आणि गल्ली नकळत त्याच्यामागे येते.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या वस्त्यांतले माझे विद्यार्थी अशी छायाचित्रे आणतात. खोली एकच, आत उजेड नाही. म्हणून नवरा-नवरी असोत की बारशाचे मूल, छायाचित्र दारातच निघाले. १४ एप्रिलची मिरवणूक तर रस्त्यावरचीच. मागे साल लिहिलेले नसते, पण ते काढता येते. दारावर पंचशील ध्वज असेल तर छायाचित्र बहुधा १९५६ च्या धर्मांतरानंतरचे. भिंतीवर विद्यापीठ नामांतराची घोषणा असेल तर १९७८ चा विधिमंडळाचा ठराव ते १९९४ चा नामविस्तार, या लढ्याच्या काळातले. पाटीवर नगरपालिका आहे की महानगरपालिका, हेही पाहावे. ठाण्यात महानगरपालिका १९८२ साली आली, कल्याणात १९८३ साली.

एकाच गल्लीची छायाचित्रे सालवार मांडली म्हणजे कुडाच्या जागी विटा दिसतात, कौलांच्या जागी पत्रे, मग स्लॅब. ही घरे माणसांनी पोट मारून उभी केली. आता पायऱ्या मोजा. जुन्या छायाचित्रात दोन पायऱ्या चढून घरात जावे लागते, नंतरच्या छायाचित्रात एक उतरून. रस्त्यावर थरावर थर चढले, उंबरठा होता तिथेच राहिला. कागदोपत्री याला रस्ता सुधारणा म्हणतात. पावसाळ्यात तीच सुधारणा गटाराचे पाणी घरात आणते.

वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. त्याच्या कितीतरी आधी लोकांनी आपणहून भीमनगर, सिद्धार्थनगर अशी नावे लावली होती. ती अस्मितेची पाटी छायाचित्रात अभिमानाने दिसते. पण पाटीखालचे गटार झाकले गेले काय? नळकोंडाळ्यावरची रांग संपली काय? छायाचित्राला हे प्रश्न विचारले नाहीत तर ते केवळ आठवण म्हणून उरेल.

पुनर्विकासात चाळी पाडल्या जात आहेत. मतदारयादी आणि वीजबिल रहिवासी सिद्ध करतील, गल्ली सिद्ध करणार नाहीत. म्हणून म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून प्रत्येक छायाचित्रामागे साल, गल्ली आणि मागे दिसणाऱ्या घरांची नावे लिहून ठेवली पाहिजेत. हे काम दुसरे कोणी करणार नाही.