शेतातून गोळा केलेलं वाळवण

कृषी पदव्युत्तर प्रबंधांचं इंग्रजी तपासायला घेतलं आणि ‘मटेरियल अँड मेथड्स’चं प्रकरण उघडलं की एक वाक्य हमखास भेटतं. पीक बदलतं, गाईड बदलतात, वाक्याचा साचा तोच:

‘आफ्टर बीइंग कलेक्टेड फ्रॉम द फील्ड, ड्राइंग ऑफ द सॉइल सॅम्पल्स वॉज डन अँड देन अ‍ॅनालिसिस ऑफ द सेम वॉज कॅरीड आउट फॉर द डिटर्मिनेशन ऑफ नायट्रोजन कंटेंट.’

शब्द 28. काय म्हणायचंय ते समजतं, पण वाचताना दम लागतो. पहिली चूक स्वल्पविरामापाशीच आहे. त्याच्या अलीकडचा तुकडा पलीकडच्या कर्त्याला चिकटतो आणि तो कर्ता आहे ‘ड्राइंग’. म्हणजे शेतातून गोळा केली ती माती नव्हे, वाळवण्याची क्रिया!

अमेरिकी प्राध्यापक रिचर्ड लॅनहॅम यांनी ‘रिव्हायझिंग प्रोज’ (1979) या पुस्तकात एक सोपी युक्ती दिली आहे. वाक्यातल्या शब्दयोगी अव्ययांभोवती गोल करा, ‘इज’, ‘वॉज’भोवती गोल करा आणि विचारा, इथे खरी क्रिया कोणती? या वाक्यात नुसते ‘ऑफ’च तीन निघतात. क्रिया दोनच आहेत, वाळवणं आणि तपासणं, पण दोन्ही नामं होऊन बसल्यात. त्यांचं काम ‘वॉज डन’ आणि ‘वॉज कॅरीड आउट’ हे भाडोत्री गडी करतायत. ‘ऑफ द सेम’ तर थेट सरकारी पत्रव्यवहारातून आलेलं. ते बिनदिक्कत काढावं.

कर्मणी प्रयोग मात्र मी काढत नाही. तो दिसला की खोडायचा, अशी हल्ली टूम आहे. पण माती विद्यार्थ्यानं वाळवली की प्रयोगशाळेतल्या मामांनी, याच्याशी वाचकाला काय कर्तव्य?

इथवर व्याकरण झालं. खरी अडचण शेवटच्या दोन शब्दांत आहे. ‘नायट्रोजन कंटेंट’ म्हणजे कोणता नत्र? एकूण नत्र असेल, तर तो सहसा योहान केल्डाल या डॅनिश रसायनतज्ज्ञाच्या 1883 सालच्या पद्धतीनं काढतात. पिकाला उपलब्ध होणारा नत्र काढायला आपल्याकडे सुब्बय्या आणि असिजा यांची 1956 ची अल्कलाइन परमँगनेट पद्धत रूढ आहे. उपलब्ध नत्र हा एकूण नत्राचा लहानसा हिस्सा. त्यामुळे दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. वाक्य व्याकरणात कितीही चोख बसवलं, तरी हे त्यातून कळत नाही. फोन लावावाच लागतो.

“उपलब्ध नत्र, सर. आणि माती सावलीत वाळवली होती,” असं उत्तर आलं की वाक्य आपोआप जुळतं:

‘सॉइल सॅम्पल्स कलेक्टेड फ्रॉम द फील्ड वेअर ड्राइड इन द शेड अँड अ‍ॅनलाइझ्ड फॉर अव्हेलेबल नायट्रोजन.’

शब्द 16, आणि आधी नसलेल्या दोन गोष्टी त्यात आल्या. पद्धतीचं नाव पुढच्या वाक्यात.

माझ्या मते अवघडलेल्या वाक्याला बऱ्याचदा इंग्रजी कच्चं असणं जबाबदार नसतं. लिहिणाऱ्यानं तपशील ठरवलेला नसतो, किंवा आधीच्या बॅचच्या प्रबंधातून वाक्य जसंच्या तसं उचललेलं असतं. तेव्हा प्रबंध तपासायला धाडलात, की प्रयोगाची नोंदवही हाताशी ठेवा. फोन येणारच आहे.