डीएपीशिवाय सागवान वाढतो कसा?

जूनमध्ये पहिला पाऊस झाला की लातूर-नांदेडच्या खत दुकानांपुढे डीएपीसाठी गर्दी सुरू होते. त्याच दिवसांत किनवटच्या जंगलातला सागवान नव्या पानांनी भरतो. त्याला कुणी चिमूटभरही खत टाकत नाही. मग त्याला स्फुरद, म्हणजे आपला फॉस्फरस, मिळतो कुठून?

आपल्या काळ्या मातीत स्फुरद नाही असं नाही. तो अडकलेला आहे. या मातीत चुना भरपूर आणि त्यातलं कॅल्शियम स्फुरदाला घट्ट धरून ठेवतं. वर हा स्फुरद नत्रासारखा पाण्याबरोबर वाहत मुळापाशी येत नाही. मुळाभोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा संपला की मूळ उपाशी.

इथं बुरशी कामाला येते. लातूर पॅटर्नमधल्या कुठल्याही नीटवाल्याला विचारा, 'ग्लोमस, मायकोरायझा, फॉस्फरस' एका दमात म्हणून दाखवेल. पण हा फक्त एका मार्काचा विषय नाही. सागवानाच्या मुळांत राहणाऱ्या या बुरशीचे तंतू केसाहून बारीक असतात. जिथं मूळ शिरत नाही अशा फटीत ते घुसतात आणि काही सेंटिमीटर लांबून स्फुरद आणून देतात. बदल्यात झाड त्यांना स्वतः बनवलेली साखर देतं. असा व्यवहार ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही दिसलाय.

दुसरी युक्ती आम्लाची. हरभऱ्याच्या पानांवरची आंब आपल्याला माहीत आहे. त्याची मुळंही आम्ल सोडतात आणि कॅल्शियमच्या तावडीतला स्फुरद सोडवतात. तुरीची गंमत वेगळी. लाल मातीत लोहाने धरलेला स्फुरद ती पिसिडिक आम्लाने मोकळा करते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमधलं हे संशोधन १९९० मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आलं.

तिसरी युक्ती काटकसरीची. पान गाळण्याआधी झाड त्यातला बराच स्फुरद परत ओढून घेतं. उरलेला पाचोळ्यातून पुन्हा मातीत जातो.

शेतात मात्र हे चक्र तुटतं. धान्याबरोबर स्फुरद थेट आडतीवर जातो, म्हणून खत लागतंच. पण ४६ टक्के स्फुरदाच्या त्या बॅगेतला मोठा हिस्सा पहिल्याच हंगामात चुन्याला चिकटून बसतो. शिवाय जमिनीत स्फुरद जास्त झाला की पीक बुरशीशी व्यवहार कमी करतं. म्हणजे घरचा पैसाही जातो आणि फुकटचा मदतनीसही.

त्यामुळे या वेळी बॅग उचलण्याआधी घरी एक प्रश्न विचारून बघा: आपल्या माती परीक्षणाच्या कार्डावर स्फुरदाचा आकडा किती आहे? तो कमी असेल तर शिफारशीइतकं खत द्यायचं. भरपूर असेल तर मात्रा कमी करता येते. पेरताना बियाण्याला पीएसबी चोळायचं आणि फेरपालटीत तूर-हरभऱ्याला जागा ठेवायची. कार्डच नसेल, तर पेरणीच्या आधी मातीचा नमुना द्यायचं काम आपण कॉलेजवाले करू शकतो.