दहा लिटर पाणी आणि पसरणीचा घाट

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारीच्या इंजिनावर लेख लिहिला, हे पाहून आमचे प्राचार्य दोनदा चष्मा पुसतील. पण ज्या इंजिनात माझे एक लाख वीस हजार रुपये गेले आहेत, त्याच्याविषयी चार ओळी लिहिण्याचा हक्क मला आहे, असे मी नम्रपणे समजतो.

त्याचे असे झाले. माझ्या भाच्याने, वय वर्षे सव्वीस, एक जुनी टर्बो मोटार घेतली. एका गॅरेजवाल्याने तिची ताकद वाढवून १२० अश्वशक्तीवर नेली. गेल्या वर्षी मे महिन्यात ताईला घेऊन स्वारी वाईहून पाचगणीला निघाली. पसरणीच्या घाटात पुढे मालट्रक, डोक्यावर ऊन. इंजिनातून डब्यात खडे वाजावेत तसा आवाज येऊ लागला आणि अर्ध्या चढावर गाडी बसली. पिस्टनला तडा! ताई दोन तास रस्त्याच्या कठड्यावर बसून होती. दुरुस्तीचे पैसे मी भरले.

पावसाळ्यात भाचा पुन्हा हजर. "मामा, आता पाण्याचा इंटरकूलर बसवतो. गॅरेजवाला म्हणतो, वीस लिटरची टाकी टाकली की काळजी मिटली."

"आधी मला कागदावर पटवून दे. त्याशिवाय एक पैसा मिळणार नाही."

बोललो खरा, आणि लगेच जीभ चावली. हा मुलगा दहावीत असताना मी ताईला सांगितले होते, "याला गणिताच्या वाटेला पाठवू नकोस, त्याचा तो पिंड नाही." तो शेजारच्या खोलीत होता. पुढे तो मुकाट्याने कॉमर्सला गेला. त्या वाक्याचा उल्लेख आमच्यात कधी झाला नाही. पण दुसऱ्याच संध्याकाळी तो शंभर पानी वही घेऊन माझ्या जेवणाच्या टेबलापाशी येऊन बसला.

प्रकरण मुळात सोपे आहे. सायकलीत हवा भरताना पंपाचे टोक हाताला चटका देते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. हवा दाबली की तापते. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा असाच एक पंप. तो इंजिनात हवा कोंबतो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. पण तापलेली हवा विरळ असते, म्हणजे कोंबण्याचा निम्मा फायदा वाया. शिवाय ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. ताईने ऐकलेले खडे ते हेच. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये हवा थंड करणारा इंटरकूलर बसवतात. तो वाऱ्यावर चालतो किंवा पाण्यावर. पाण्याची युक्ती नवी नाही. १९४२ साली आलेल्या नवव्या मालिकेच्या स्पिटफायर विमानांत मर्लिन इंजिनाला असाच पाण्याचा इंटरकूलर होता, त्याला स्वतंत्र पंप आणि स्वतंत्र रेडिएटर. त्या इंजिनाच्या हवेचा हिशेब ज्याने बसवला, तो स्टॅन्ली हूकर मूळचा गणिती! हे मी भाच्याला सांगितले. तो नुसता हसला.

आता आकडे. हवेचा दाब बाहेरच्या १.७ पट, बाहेरचे तापमान ३५ अंश. सूत्र त्याने मांडले, गुणाकार मी केला. ३५ ला ०.१६४ ने गुणले, टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरून भागले. उत्तर आठ अंश.

"अरे, मग हवा तापतेच कुठे? कशाला हा खटाटोप?"

"मामा," तो अगदी हळू म्हणाला, "इथे ३५ धरायचे नाहीत. शून्याच्या खाली २७३ पासून मोजायचे. ३०८ धरा."

३०८ धरले, आणि उत्तर आले ७२ अंश. म्हणजे हवा टर्बोतून १०७ अंशांवर बाहेर पडणार. मी पेन्सिल खाली ठेवली ती त्या रात्री पुन्हा उचलली नाही.

पुढचे सगळे त्याचे. १२० अश्वशक्तीला मिनिटाला सुमारे ५.४ किलो हवा लागते, म्हणजे सेकंदाला ९० ग्रॅम. ती १०७ वरून ५५ अंशांवर आणायची, तर काढून घ्यायची उष्णता ४.७ किलोवॅट. न्हाणीघरातला गीझर बहुधा दोन किलोवॅटचा असतो. तेव्हा दोन गीझर आणि वर थोडे, एवढा विस्तव त्या पाण्याने गिळायचा.

आणि इथेच टाकीचे पितळ उघडे पडले. दहा लिटर पाणी एक अंशाने तापायला ४२ किलोज्यूल लागतात. पूर्ण जोरात गाडी हाणली तर दर नऊ सेकंदांना एक अंश. शर्यतीत पंधरा सेकंद धावायचे असेल तर पाणी जेमतेम दोन अंश चढेल. तिथे टाकीच पुरे, वर बर्फ टाकला तर दुधात साखर. पण घाट पंधरा मिनिटांचा! त्यातला निम्मा वेळ पाय खाली दाबलेला धरला, तरी दहा लिटर पाणी पन्नास अंश चढते. वीस लिटर घेतले तर पंचवीस, म्हणजे ३५ चे ६०. साठ अंशांच्या पाण्याने हवा ५५ वर कशी आणणार? टाकी मोठी केली की संकट लांबते इतकेच.

घाटात खरे काम पुढच्या रेडिएटरचे. सरासरी २.३५ किलोवॅट उष्णता त्याने वाऱ्यावर सोडायची आणि पाणी बाहेरच्या हवेपेक्षा दहा अंशांहून वर जाऊ द्यायचे नाही. ट्रकमागे गाडी रांगत असताना जाळीतून वारा सेकंदाला दोन मीटर धरला, तर जाळी लागते सुमारे ०.२ चौरस मीटर: ५५ सेंटिमीटर रुंद, ३७ उंच, मागे पंखा. आणि ती सर्वांत पुढे हवी. वातानुकूलनाच्या जाळीमागे ठेवली तर तिला शेजाऱ्याची ऊबच मिळायची. टाकी? दहा लिटरची पुरे.

पंपाची मात्र गंमत झाली. मिनिटाला १५ लिटर फिरले तर पाणी एका फेरीत साडेचार अंश तापते; ते ठीक. पंपावर २० छापलेले. मला सवयीने छापील अक्षरावर विश्वास. भाच्याने नळी सोडून दहा लिटरची बादली धरली, मी घड्याळ. बादली भरायला बरोबर साठ सेकंद! छापील आकडा नळ्या नसतानाचा असतो, हे तेव्हा कळले. त्याने चार काटकोनी वळणे काढून रुंद नळ्या घातल्या. बादली चाळीस सेकंदांत भरली. आम्ही दोघांनी चहा घेतला.

इंजिनाचा दाब हिशेबात धरला त्याहून वर न्यायचा नाही, आणि बदलाची कागदपत्रे नीट करून घ्यायची, या माझ्या दोन अटी त्याने मान्य केल्या. पैसे मी दिले.

यंदा एप्रिलमध्ये तोच घाट. मी पुढे, मांडीवर वही. ताई मागे, हातात रुमाल. बाहेर ३४ अंश. पायथ्याशी पाणी ३६. पहिल्या वळणांवर ३९. मग एका ट्रकमागे अडकलो, ४१, ४३. ताईने मागून विचारले, "आवाज येतोय का रे?" कुणी उत्तर दिले नाही. ४४. पंख्याची घरघर ऐकू येत होती. पाचगणीच्या अलीकडे काटा ४५ वर आला आणि तिथेच राहिला.

वर पोचल्यावर भाच्याने गाडी सावलीत लावली, वही माझ्या हातून घेतली आणि आपल्या जुन्या हिशेबाशी आकडा ताडून पाहिला.

"एक अंश चुकला, मामा."

"अकरावा अंश माझ्या नावावर टाक," मी म्हणालो. ताई तोवर स्ट्रॉबेरीवाल्याशी भाव करत होती.