चौकट नसलेली गोष्ट

दिवाळीला मुखेडला घरी गेलो, तेव्हा पुतणीने फराळाच्या ताटाशेजारी एक चित्रमय पुस्तक ठेवले. मनात म्हटले, चित्रांचे पुस्तक ते केवढे! दोन चकल्या संपेतो संपेल. पण पहिल्या पानांवरच अडलो. चित्रकथेत ओळीने चौकोन असतात, एकातून दुसऱ्यात जायचे; इथे चौकोनच नव्हते.

पुस्तक ‘भीमायन’. दिल्लीच्या नवयाना प्रकाशनाने २०११ साली काढलेले. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रे मध्य प्रदेशातील परधान गोंड कलावंत दुर्गाबाई व सुभाष व्याम या दांपत्याची. कथा डॉ. आंबेडकरांची, पण जन्मापासून क्रमाने नव्हे. अलीकडच्या काळातल्या एका बसथांब्यावर आरक्षणावरून दोघांचा वाद जुंपतो आणि तिथून गोष्ट एकदम १९०१ सालात उतरते. मध्येच आजच्या वर्तमानपत्रांतील बातम्या डोकावतात.

माणसांना चौकोनात कोंबणे व्यामांना मान्य नव्हते. म्हणून गोंडांच्या घराच्या भिंतींवर असते तशी नक्षी वळणे घेत पानभर फिरते. मायेचे बोल पक्ष्याच्या आकारात उमटतात, डंख करणाऱ्या बोलांना विंचवाची नांगी असते, आणि मनातल्या विचाराला डोळा!

“काका, पण हे सरळ ओळीनं का नाही सांगितलं?” पुतणीने विचारले.

मी तिला मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहानग्या भीमाचे पान दाखवले. वडिलांकडे निघालेली ती मुले. दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळाली, तीही स्वतः हाकायची. डबा भरलेला होता. पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. मग १९३४ सालचे दौलताबाद काढले. प्रवासाने धुळकटलेले पाय किल्ल्यापाशी हौदावर धुतले, तोच हौद बाटवला म्हणून ओरड उठली. दौलताबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आमच्या मुखेडसारखेच.

“ओळीनं सांगितलं असतं,” मी म्हणालो, “तर १९०१ मागे पडलं, १९३४ मागे पडलं, संपलं, असं वाटलं असतं. इथे जुनं पान आणि आजची बातमी शेजारी बसतात. मग संपलं म्हणायची सोय उरत नाही.”

ती काही बोलली नाही. वहिनींनी तांब्याभांडे आणून ठेवले. ताट तसेच राहिले होते. पोरीने भांडे उचलले, त्यातल्या पाण्याकडे क्षणभर पाहिले, आणि मगच ओठांना लावले.