फोटो जपा, मूळ रूपात जपा!

एके काळी आपल्या वस्तीत फोटो ही चैनीची वस्तू होती. धुळ्याला बाजाराला किंवा कोर्टकचेरीच्या कामाला गेलेला माणूस जमलेच तर स्टुडिओत जाऊन फोटो काढून घेई. तो काचेच्या चौकटीत बसवून तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी भिंतीवर लावला जाई. एका घरात असा एखादाच फोटो. त्यावरची धूळ रोज पुसली जाई.

आज परिस्थिती पार बदलली आहे. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या आमच्या सोनगीरसारख्या गावातही घराघरात कॅमेऱ्याचा मोबाईल आला. मंगलपरिणय, नामकरण, वर्षावासातील ग्रंथवाचन, 14 एप्रिलची मिरवणूक, दीक्षाभूमीची आणि चैत्यभूमीची वारी, साऱ्याचे शेकड्यांनी फोटो निघतात. परंतु हे सारे असते कुठे? बहुतेक वेळा एकाच फोनमध्ये. तो फोन एसटीत राहिला, विहिरीत पडला किंवा एके दिवशी सुरूच झाला नाही, तर त्या घराच्या पाच-दहा वर्षांच्या आठवणी एका क्षणात नाहीशा होतात. चौकटीतला एक फोटो पन्नास वर्षे टिकला आणि फोनमधले पाच हजार फोटो पाच वर्षेही टिकले नाहीत, असे आज घडते आहे.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. तो आपल्या इतिहासाचा आहे, म्हणून त्याचा गांभीर्याने विचार व्हावयास हवा.

एका जागेचा धोका

बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत 26, अलीपूर रोड येथील निवासस्थानी झाले. त्यांचे कितीतरी अप्रकाशित लेखन तेथेच होते. जानेवारी 1967 मध्ये त्या घराचा ताबा घेताना सामान व कागदपत्रे बाहेर उघड्यावर टाकली गेली आणि पावसात भिजून बरेच कागद नष्ट झाले, अशी नोंद बाबासाहेबांचे सहायक नानकचंद रत्तू यांनी करून ठेवली आहे. जे हस्तलिखित वाचले ते पुढे लोखंडी पेट्यांत कोर्टाच्या व सरकारच्या ताब्यात वर्षानुवर्षे पडून राहिले. कार्यकर्त्यांनी पाठपुरावा केला, कोर्टात दाद मागितली, तेव्हा ते बाहेर आले. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे यांचे खंड काढले. वसंत मून यांनी त्यासाठी घेतलेले कष्ट समाज विसरणार नाही. परंतु भिजून गेलेल्या कागदांवर काय लिहिले होते, हे कोणालाही कधी कळणार नाही. त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या गावी असती, तर पावसाने काय बिघडवले असते?

दुसरे उदाहरण उलट बाजूचे आहे. 7 डिसेंबर 1956 रोजी मुंबईत निघालेल्या बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेची जी हलती दृश्ये आपण आज पाणावल्या डोळ्यांनी पाहतो, ती नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून चित्रित केली होती. एका माणसाने वेळीच विचार केला, म्हणून पुढच्या पिढ्यांना तो जनसागर पाहता आला.

आपल्या खानदेशाकडे पाहा. 31 जुलै 1937 रोजी बाबासाहेब एका खटल्याच्या निमित्ताने धुळ्याला आले आणि लळिंगजवळच्या लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम झाला. त्या स्मृतीला वंदन करण्यासाठी दरवर्षी 31 जुलैला तेथे भीमसैनिकांची गर्दी लोटते. आता त्या दिवशी हजारो फोन वर होतात आणि हजारो फोटो निघतात. पन्नास वर्षांनी त्यातले किती हाती लागतील, हे आपल्या आजच्या सवयींवर ठरणार आहे.

त्याच धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे 31 डिसेंबर 1926 रोजी निधन झाले आणि त्यांनी गावोगाव फिरून जमवलेले कागद जपण्यासाठी 1927 मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. ज्यांच्या वाड्यात दप्तरे होती, त्यांचा इतिहास लिहिला गेला. आपल्या वाडवडिलांच्या झोपडीत दप्तर नव्हते, कारण त्यांच्या हाती लेखणीच येऊ दिली नव्हती. म्हणून आजोबांचा जुना फोटो, आजीच्या लग्नातला गटफोटो, गावातल्या पहिल्या जयंतीचा फोटो, हेच आपले दप्तर आहे. ते सांभाळायला बाहेरून कोणी येणार नाही.

दुरुस्त फोटो आणि खरा चेहरा

फोटो टिकवणे म्हणजे केवळ प्रती काढणे नव्हे. त्यात केलेल्या दुरुस्त्यांचाही विचार करावा लागतो. आमच्या परिसरातील एका घरी आजीचा जुना, डाग पडलेला कृष्णधवल फोटो होता. नातवाने तो फोनवर उतरवून घेतला, संगणकाच्या साहाय्याने स्वच्छ केला, रंगीत केला आणि मोठा करून चौकटीत लावला. फोटो सुंदर झाला. पण आजीच्या कपाळावरचे गोंदण गेले. यंत्राने तो डाग समजून पुसून टाकला होता. फोनवरचा मूळ फोटो त्याच नावाने बदलला गेला होता आणि कागदाचा फोटो चौकट बदलताना फाटून टाकून दिला होता. आता त्या घरातील लहान मुलांना आजी दिसते ती गोंदणाशिवाय. जिने आयुष्यभर ते गोंदण मिरवले, तिचा चेहरा कायमचा बदलला.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने जुना फोटो क्षणात चकचकीत करून देतात. फोटोत जे नीट दिसत नाही, ते ही साधने अंदाजाने भरतात. डोळे, ओठ, लुगड्याचा काठ, हे सारे अंदाजाचे असू शकते. घरात लावायला तो फोटो खुशाल वापरावा. पुरावा म्हणून मात्र मूळच जपावा.

दुरुस्तीचे महत्त्व आम्ही नाकारत नाही. बाबासाहेबांच्या टंकलिखित पानांवर त्यांच्या हातच्या दुरुस्त्या आहेत आणि त्यांतून त्यांचे विचार कसे घडत गेले हे अभ्यासकांना समजते. मूळ मजकूर आणि दुरुस्ती, दोन्ही शिल्लक असल्या तरच हे शक्य होते. फोटोचेही तसेच आहे. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या फोटोसाठी तीन कप्पे करावेत, ज्यांना संगणकावर फोल्डर म्हणतात:

1) मूळ : कॅमेऱ्यातून किंवा स्कॅनरमधून जसा आला तसा. याला पुन्हा हात लावायचा नाही.

2) काम : दुरुस्ती चालू असलेली फाइल. फोटोशॉपवर काम केले असेल, तर थर कायम असलेली पीएसडी फाइल येथे ठेवावी, म्हणजे एखादी दुरुस्ती पुढे मागे घेता येते.

3) तयार : छापण्यासाठी किंवा पाठवण्यासाठी पूर्ण झालेला फोटो.

स्टुडिओ चालवणाऱ्या आपल्या तरुणांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. लाइटरूमसारख्या प्रणालीत केलेली दुरुस्ती फोटोच्या फाइलमध्ये जात नाही. ती कॅटलॉग नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये नोंदवली जाते. नुसते फोटो हार्ड डिस्कवर उतरवले आणि कॅटलॉग संगणकातच राहिला, तर संगणक बिघडताच रात्र-रात्र जागून केलेले काम जाते. कॅटलॉगचीही प्रत फोटोंबरोबर ठेवली पाहिजे. मोबाईलवर दुरुस्ती करणाऱ्यांनी जुन्यावरच जतन न करता नवी प्रत म्हणून जतन करण्याचा पर्याय निवडावा.

तीन प्रती, दोन साधने, एक परगावी

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक साधा नियम जगभर पाळला जातो. महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यातली एक घराबाहेर, दूर असावी. आपल्या घरी तो असा पाळता येईल :

पहिली प्रत फोनमध्ये किंवा संगणकात.

दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर. एक फोटो सरासरी 4 एमबीचा धरला, तर 64 जीबीच्या पेन ड्राइव्हवर सुमारे 16 हजार आणि एक टीबीच्या हार्ड डिस्कवर सुमारे अडीच लाख फोटो मावतात. पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक. वर्षानुवर्षांच्या साठ्यासाठी त्यावर एकट्यावर विसंबू नये. हार्ड डिस्क काम झाल्यावर काढून कोरड्या जागी ठेवावी. ती सतत संगणकाला जोडलेली असेल, तर विजेचा झटका किंवा व्हायरस दोन्ही प्रती एकदम नेतो.

तिसरी प्रत परगावी. खानदेशातील घरागणिक कोणी ना कोणी सुरत, नाशिक, कल्याण किंवा पुण्याला पोटापाण्यासाठी गेलेला आहे. दिवाळीच्या सुट्टीत भाऊ किंवा मामा गावी आले की एक डिस्क त्यांच्याबरोबर द्यावी आणि त्यांच्या घरची आपल्याकडे ठेवून घ्यावी. दोन्ही प्रती एकाच शहरात असून भागत नाही. 26 जुलै 2005 च्या पावसात मुंबईतील आणि ऑगस्ट 2006 मध्ये तापीच्या पुरात सुरतेतील वस्त्याच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या होत्या. शेजारच्या घरात ठेवलेली प्रतही अशा वेळी वाचत नाही.

गुगलवर आहे, मग काळजी कशाला?

असे बरेच जण म्हणतात. इंटरनेटवरची साठवण उपयोगी आहेच, आणि परगावची प्रत म्हणून ती चालतेही. पण तिचे नियम माहीत हवेत. गुगल फोटोवरची मोफत अमर्याद सोय 1 जून 2021 पासून बंद झाली. आता मोफत मिळणारी 15 जीबी जागा फोटो, ई-मेल आणि इतर फाइली मिळून आहे. वरच्या हिशेबाने ती सारी फोटोंना दिली, तरी पावणेचार हजार फोटोंत भरते. जागा भरली की नवे फोटो वर जाणे थांबते.

दुसरे, त्या ॲपमधून फोटो पुसला तर तो फोनमधून आणि गुगलवरूनही जातो. कचरापेटीत तो 60 दिवस राहतो, नंतर परत मिळत नाही. तिसरे, दोन वर्षे न वापरलेले खाते गुगल बंद करून त्यातील मजकूर काढून टाकू शकते. घरातील कर्ता माणूस गेला आणि त्याच्या खात्याचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नसला, तर ते फोटो कुलपातच राहतात. तेव्हा पासवर्ड एका वहीत लिहून घरातील विश्वासू माणसाकडे द्यावा.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो आहे म्हणून निर्धास्त राहणेही बरोबर नाही. तेथे फोटो पाठवताना त्याचा आकार लहान केला जातो आणि बारकावे जातात. मूळ फोटो पाठवायचा असेल, तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

भांड्यावरच्या नावासारखे नाव घाला

सोनगीर हे तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध गाव. भांड्यावर नाव घालण्याची आपली रीत जुनी आहे. लग्नकार्यात दहा घरची भांडी एकत्र आली, तरी हंडा कोणाचा हे नावावरून ओळखता येते. फोटोलाही असेच नाव हवे. संगणकाने दिलेल्या आकड्यांवरून नातवाला काही कळणार नाही. वर्ष, गाव, प्रसंग आणि माणसांची नावे, एवढे फाइलच्या नावात किंवा सोबतच्या यादीत लिहावे. हे काम घरातील म्हाताऱ्या माणसांजवळ बसून, त्यांना विचारून आजच करावे. दीक्षेचा काळ डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. त्यांच्यामागे फोटो उरेल, पण त्यात कोण आहे हे सांगणारे कोणी उरणार नाही.

जुने शाळा सोडल्याचे दाखले आणि जातीच्या पुराव्याचे कागदही याच पद्धतीने फोटो काढून जपावेत. जातपडताळणीच्या वेळी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा शोधताना किती घरांची धावपळ होते, हे आम्ही पाहतो. फोटो म्हणजे मूळ कागद नव्हे. पण मूळ हरवला तर नक्कल कोठे मागायची, हे त्यावरून कळते.

बुद्ध विहारातून सुरुवात व्हावी

प्रत्येक घरी संगणक नाही, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून हे काम विहारात सर्वांनी मिळून करावे. गावातील शिकलेल्या मुला-मुलींनी पौर्णिमेच्या दिवशी दोन तास द्यावेत आणि घरोघरचे जुने फोटो स्कॅन करून मूळ फोटो त्याच दिवशी परत करावेत. समाजाच्या कार्यक्रमांची एक प्रत विहारात आणि एक परगावी असावी. घरगुती फोटो, विशेषत: आयाबहिणींचे, त्यांच्या संमतीशिवाय सामाईक डिस्कवर घेऊ नयेत.

वर्षातून दोनदा, वैशाख पौर्णिमेला आणि अशोक विजयादशमीला, सर्व डिस्क उघडून पाहाव्यात. चार-दोन फोटो उघडतात का हे बघावे आणि नवे फोटो भरावेत. डिस्क जुनी झाली की तिच्यावरचे सारे नव्या डिस्कवर उतरवून घ्यावे.

येत्या रविवारी प्रत्येक घराने एवढे तरी करावे : घरातील सर्वांत जुना फोटो स्कॅन करावा, त्याला नाव द्यावे आणि त्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात. मूळ फोटोला हात न लावता.

जयभीम!