सरकारी वकिलाने दिरंगाई केली, तर जाब कोण विचारतो?

खर्डा खटला : जामखेड तालुक्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. अशा निकालानंतर नेमकी चूक कोणाची, हे तपासण्याची पद्धत ठरलेली आहे.

निर्दोष सुटकेची छाननी : ‘गुजरात सरकार विरुद्ध किशनभाई’ खटल्यात (७ जानेवारी २०१४) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रत्येक सुटकेची कारणे पोलीस व अभियोग खात्यातील वरिष्ठांच्या समितीने तपासावीत. चूक अनवधानाने झाली की ती दोषार्ह आहे, याची नोंद करावी. दोषी अधिकाऱ्यावर खातेनिहाय कारवाई व्हावी.

कोण कोणाच्या अखत्यारीत?
- *सहायक सरकारी अभियोक्ता* (दंडाधिकारी न्यायालय) : गृह विभागाच्या अभियोग संचालनालयाकडे. त्यांना पोलीस खात्याच्या शिस्तभंगाधिकारातून मुक्त करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच शहाणे खटल्यात १९९५ साली दिला.
- *जिल्हा सरकारी वकील* (सत्र न्यायालय) : मुदतीची नेमणूक, विधी व न्याय विभागाकडे. १९८४ चे विधी अधिकारी नियम लागू.

नवी देखरेख : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २० नुसार खटले लवकर निकाली निघावेत म्हणून दहा वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या खटल्यांवर संचालक, सात ते दहा वर्षांच्या खटल्यांवर उपसंचालक आणि त्याखालील खटल्यांवर सहायक संचालक लक्ष ठेवतात.